साडूचे वडील आणि माझा हँग होणारा लॅपटॉप

माझ्या साडूच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाच्याही तक्रारीवर विश्वास ठेवला नाही. माणसांवर त्यांचा विश्वास होता, देवावर होता, वसईच्या केळ्यांवर तर आंधळा विश्वास होता. पण एरवीचा सज्जन माणूस "अमुक बिघडलंय हो" असं म्हणत समोर आला, की ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत, जणू बिघाड त्याच्या सदऱ्याच्या खिशातच सापडणार आहे. तीसेक वर्षं त्यांनी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक म्हणून काढली होती आणि त्या नोकरीचं सगळं सार ते एका दमात सांगत. "फोन मेलाय म्हणून माणूस ओरडतो, पाहुणे. आपण चार जिने चढून जावं, तर रिसीव्हर तिरका ठेवलेला. वर आपल्यालाच विचारतो, काय झालं होतं हो? आता त्याच्या बायकोपोरांसमोर काय सांगणार? म्हणायचं, लाइनीत दमटपणा होता." माझ्यासारख्या अनेकांच्या संसारातला दमटपणा त्यांनी असाच पोटात घातला होता.

निवृत्तीनंतर ते उमेळ्याला राहत आणि दुपार कलली की सायकल काढून माणिकपूरला आमच्याकडे येत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. घरात पाऊल टाकल्यावर आधी बसायची खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासत आणि मगच तिच्यावर बसत. बसल्यावर बोलत नसत, ऐकत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक वस्तूला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही त्यांची तपासणी. आमच्या फ्रिजला त्यांनी असाच कान लावला आणि "याला दमा आहे" असं निदान केलं. बायकोनं घाबरून विचारलं, "काका, बंद पडेल का?" तर म्हणाले, "दम्याची माणसं फार जगतात." एकदा नात्यातल्या कुणाच्या तरी तेराव्याला आम्ही एकत्र गेलो होतो. भटजी मंत्र म्हणताहेत, मंडळी डोळे पुसताहेत, आणि डोक्यावरचा पंखा टक-टक-टक करतोय. काका दहा मिनिटं सोसत राहिले. मग हळूच उठले, पंखा बंद करून स्टुलावर चढले, पात्याचा स्क्रू पिळला आणि खाली येऊन परत चेहरा दुःखी केला. गेलेल्या माणसाच्या मुलानं नंतर त्यांचे हात धरून सांगितलं, बाबा सहा महिने त्या आवाजाबद्दल कुरकुरत होते. "आधी कळवायचं होतं," काका म्हणाले, "पण कळवलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

अशा माणसासमोर मला तक्रार घेऊन जावं लागलं, ती माझ्या लॅपटॉपची.

मी एका विमा कंपनीच्या भाषा विभागात अनुवादक होतो. इंग्रजी परिपत्रकाचं मराठी असं करायचं, की वाचणाऱ्यानं घाबरून परत इंग्रजीच मागावं, हे माझं कसब. त्या कसबाचा मला भलताच अभिमान होता. तालुक्याच्या पूर्वेला चांदीपला एक डॉक्टरीणबाई दर रविवारी दवाखाना चालवत. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठी एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी हवं होतं. एका ओळखीच्या घरी हा विषय निघाला आणि कुणी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "एवढंच ना? महिन्याभरात करून देतो." डॉक्टरीणबाईंनी लगेच वही काढली आणि दिवाळीनंतरचा रविवार पक्का केला. पंधरा बायका येणार होत्या. माझ्या बायकोनं घरी येताना रिक्षात फक्त एवढंच विचारलं, "अहो, दाराची बेल दुरुस्त करायला तुम्ही किती महिने मागितले होते?"

लॅपटॉप सेकंडहँड होता. ऑफिसातल्या एका साहेबांनी नवा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात बांधला. त्या काळात आमच्या इमारतीत लॅपटॉप असलेला मी एकटाच, त्यामुळे काही काम नसतानाही मी तो गॅलरीत घेऊन बसत असे. पुस्तिकेचं काम सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी चित्र अडकलं. म्हणजे पडदा काळा झाला नाही, बंद पडला नाही. होतं ते सगळं जिथल्या तिथे थिजलं. अर्धं वाक्य तसंच, बाण तसाच, कोपऱ्यातलं घड्याळ सात वाजून बारा मिनिटांवर थांबलेलं. मी बटणं दाबली, फुंकर मारली, टेबलावर थाप मारली. शेवटी बंद करून चालू केला, तर सकाळपासूनची तीन पानं गायब. मधूनमधून सेव्ह करायचं असतं हे मी सगळ्यांना सांगत असे. स्वतः करत नसे.

पुढे हे रोजचंच झालं. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. कधी पाच मिनिटांत, कधी दोन तास सुरळीत चालून. मी आधी व्हायरसला दोष दिला. व्हायरस म्हणजे नेमकं काय हे मला ठाऊक नव्हतं, पण दोष द्यायला ज्ञान लागत नाही. मग विजेला दिला, मग खाडीवरच्या खाऱ्या हवेला, मग ज्या साहेबांनी विकला त्यांच्या चारित्र्याला. स्टेशनजवळच्या दुकानदाराकडे नेला तर त्याच्यासमोर तो शहाण्या बाळासारखा चालला. त्यानं "साहेब, सगळं उडवून नवीन टाकतो" म्हणून दोन दिवस ठेवून घेतला, चित्राचा ड्रायव्हर का काय तोही नवा घातला. घरी आणला, चार ओळी लिहिल्या आणि चित्र अडकलं. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. चाळीस पानांपैकी माझी नऊ झाली होती आणि त्यातली पाच मी दोनदा लिहिली होती.

"काकांना सांगा," बायको म्हणाली.

"ते टेलिफोनवाले. त्यांना लॅपटॉपमधलं काय कळणार?"

"तुम्हाला तरी काय कळतं?"

काकांनी माझी तक्रार अपेक्षेप्रमाणे मुळीच खरी मानली नाही. "अडकतं म्हणजे काय होतं, ते दाखवा," म्हणाले. दाखवायला बसलो तर दीड तास अडकेना. काका वेताच्या मोड्यावर शांत बसून चहा पीत होते आणि मी चोरी सिद्ध करता न आलेल्या फिर्यादीसारखा घामाघूम झालो होतो. अखेर ते उठून चपला घालत असताना चित्र अडकलं. मी आनंदानं ओरडलो. आपल्या लॅपटॉपचं चित्र अडकलं म्हणून नाचणारा त्या काळातला मी बहुधा एकमेव मालक असेन.

काका परत आले. त्यांनी आधी त्याला स्क्रू ड्रायव्हरनं कान लावला. मग मोठ्या अक्षरांचं बटण दाबायला लावलं. त्याचा छोटा दिवा पेटला, पुन्हा दाबलं, विझला. "आत कुणीतरी जागं आहे," ते म्हणाले. "डोकं चालू आहे, चेहराच तेवढा थिजलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांचा मोठा मॉनिटर आणायला लावून वायरीनं जोडला. चित्र अडकलं तेव्हा दोन्ही पडद्यांवर एकदम अडकलं. "म्हणजे पडदा निर्दोष. चित्र जिथे तयार होतं तिथे खोड आहे." मग उष्णतेची चौकशी झाली. टेबलफॅन लावून, पंखा बंद करून, खाली लाकडी पाट ठेवून, पाट काढून. काही फरक पडला नाही. मग त्यांनी शाळेची वही काढली, रेघा मारल्या आणि जाहीर केलं, "आता रोज संध्याकाळी मी मागे बसणार. मी इथे नाही असं समजून तुम्ही काम करा."

मागे बसलेला माणूस नाही असं समजून अनुवाद करणं किती कठीण असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. काका वहीत वेळ लिहीत, पंखा चालू की बंद ते लिहीत, बायकोनं मिक्सर लावला की तेही लिहीत. एक रकाना त्यांनी पुसून पुन्हा मोठा आखला आणि मी विचारल्यावर वहीवर हात ठेवला. एक दिवस मी ऑफिसातून उशिरा आलो तर काका स्वतःच एका बोटानं टाइप करत बसले होते. दोन तास त्यांनी पंचांगातली सणांची यादी टाइप केली होती. एकदाही अडकलं नव्हतं. बायकोनं बसून तिच्या आईच्या लोणच्याची कृती टाइप केली, तेव्हाही नाही.

"म्हणजे तो फक्त माझ्यावरच रुसतो?" मी म्हणालो.

"पाहुणे," काका पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "उद्या जरा विचार करून दाखवा."

"म्हणजे?"

"नेहमी करता तसा. शब्द सापडत नाही तेव्हा करता ना, तसा."

फर्मावल्यावर विचार करणं फार अवघड असतं. दुसऱ्या दिवशी मी भुवया आवळल्या, छताकडे पाहिलं, ओठ चावला. काका मान हलवत राहिले. मग पुस्तिकेत खरोखरच एक अवघड शब्द आला. मी त्याच्यासाठी मनातल्या मनात संस्कृतच्या कपाटाकडे निघालो, हनुवटी उजव्या मुठीवर आली, डावा तळहात किबोर्डच्या शेजारी टेकला आणि शरीराचा सगळा भार त्या तळहातावर कलला. चित्र अडकलं. पाठीमागे काका हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी लॅपटॉप पुन्हा सुरू करून डावीकडच्या त्याच जागी अंगठा दाबला. अडकलं. उजवीकडे दाबला. चाललं. पुन्हा डावीकडे. अडकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानदाराकडे गेलो. त्यानं यंत्र उघडून काकांनी दाखवलेल्या जागेखाली पाहिलं आणि पहिल्यांदाच आदरानं म्हणाला, "काका, बरोब्बर. चित्राची चिप इथेच आहे. सोल्डरचे टाके सैल झालेत. वरून दाब आला की बोर्ड वाकतो, कनेक्शन सुटतं. आख्खा बोर्ड बदलावा लागेल. मागवतो, महिना लागेल."

महिना नव्हता. काकांनी घरी येऊन बायकोकडे सोड्याच्या बाटलीचं बूच मागितलं. तो पत्र्याचा, कातरलेल्या कडेचा बिल्ला त्यांनी कडा वर करून, नेमका माझा तळहात टेकतो त्या जागी चिकटपट्टीनं बसवला. "यंत्राला औषध नाही," ते म्हणाले, "तेव्हा तुम्हालाच द्यायला हवं."

पुढचे चार-पाच दिवस मी कुठल्याही शब्दावर अडलो की हाताला दात बसत. ऑफिसात सहकाऱ्यांनी माझ्या तळहातावरचं गोल नक्षीदार वर्तुळ पाहून कुत्र्याची चौकशी केली. पण चित्र पुन्हा अडकलं नाही. पानं सुटली नाहीत, हरवली नाहीत, आणि मी विजयी मुद्रेनं तेवीसपर्यंत पोचलो. काकांचं काम संपलं होतं. तरी ते संध्याकाळी येऊन बसत. एके दिवशी त्यांनी वहीतला तो झाकलेला रकाना माझ्यापुढे धरला. वर लिहिलं होतं, "शब्द." खाली प्रत्येक वेळी चित्र अडकलं तेव्हा पडद्यावर कुठला शब्द होता त्याची नोंद. मी वाचत गेलो. निर्जलीकरण. प्रसूतिपूर्व परिचर्या. रक्तक्षय. स्तन्यपान. श्वासावरोध.

"मी दहावी शिकलेला माणूस आहे," काका म्हणाले, "मला यातलं एकही धड कळत नाही. त्या बायकांना कळणार आहे?"

मी जरा रागावलो. "पारिभाषिक शब्द आहेत, काका. त्यांना असंच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

काकांनी निर्जलीकरणावर बोट ठेवलं. "याचा अर्थ काय?"

"अंगातलं पाणी कमी होणं."

"मग तेच लिहा की. हे सांगायला तुम्ही एवढे रेलून बसला होतात?"

माझी बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला, आणि ते मला बुचापेक्षा जास्त टोचलं. त्या संध्याकाळी मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. काका विचारायचे, मी इंग्रजीचा अर्थ तोंडी सांगायचो, आणि जे तोंडून बाहेर पडेल तेच लिहायचो. काम झरझर पुढे जाऊ लागलं. वीस वर्षं भाषा विभागात काढून मराठी लिहायला मी टेलिफोन मेकॅनिककडून शिकत होतो, हे ऑफिसात कुणाला सांगायची हिंमत मला झाली नाही.

रक्तक्षयाच्या पानावर आलो. "अंगात रक्त कमी असणं," मी लिहिलं. लक्षणं सांगू लागलो: लवकर थकवा, जिना चढताना धाप, हातपाय गार, कामात लक्ष न लागणं. काका काही विचारेनात. मी वळून पाहिलं तर ते वही मिटून बसले होते.

"ही पण म्हणायची," ते म्हणाले. ही म्हणजे काकू. त्या जाऊन तोपर्यंत सात-आठ वर्षं झाली होती. "दमते म्हणायची. विहिरीवरून आली की पायरीवर बसायची. मी विचारायचो, कधीपासून, कशानं, नक्की कुठे? तिला नीट सांगता यायचं नाही. मला वाटलं, काम टाळते." त्यांनी वहीची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. "पुढे निघालं दुसरंच काहीतरी. उशीर झाला होता."

बायको बाहेर येऊन त्यांच्याजवळ खाली बसली. मग काका म्हणाले, "त्या पानावर वर एक ओळ घालता येईल? इंग्रजीत नसली तर चालेल?"

"चालेल."

"लिहा. बाई दमले म्हणाली तर तिला कारण विचारू नका. आधी तिला बसवा. मग तपासायला न्या."

मी लिहिलं. अनुवादकाच्या धर्मात हे बसत नाही, पण डॉक्टरीणबाईंनी ते पान वाचलं तेव्हा इतर बऱ्याच ठिकाणी लाल रेघा मारल्या आणि त्या ओळीला हात लावला नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि काका चांदीपला गेलो. दवाखान्याच्या ओट्यावर पंधरांपैकी अकरा बायका आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी एकीला पुस्तिका वाचायला लावली. तिनं अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, "अंगातलं पानी कमी झालं तर..." आणि मध्येच थांबून म्हणाली, "हे तर आमाला ठावंच हाय." बाकीच्या हसल्या. मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या साहित्यिक यशाकडे बघत उभा होतो आणि ते यश माझं नव्हतं. काकांकडे पाहिलं, तर ते तिथे नव्हतेच. आतल्या खोलीत बाळांचं वजन करायचा टांगता काटा होता; त्याच्यासमोर उभे राहून ते त्याचा हूक हळूच खाली ओढून सोडत होते, ओढून सोडत होते. परत येताना म्हणाले, "अर्धा किलो जास्त दाखवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बरोबर आहे. मी म्हटलं, असेल."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. लॅपटॉप त्यांच्या आधीच गेला. बोर्ड काही शेवटपर्यंत बदलला नाही. काका गेल्यावर चार-सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुस्तिकेत थोड्या दुरुस्त्या हव्यात म्हणून मला बोलावलं आणि मी एका रविवारी एकटाच चांदीपला गेलो. पहिल्या दिवशी वाचणारी ती बाई आता तिथे कायमची आरोग्यसेविका झाली होती. मला तिनं ओळखलं, पण ती माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघत राहिली.

"ते म्हातारबाबा नाय आले?"

"कोण?"

"काट्यावाले. दर दोन-तीन म्हयन्यांनी येतात ना यष्टीनं. काटा खोलतात, पुसतात, दगड लावून बघतात. सायेब, आमी फोनवर सांगितलं काटा बिघडला, की लगेच येतात. आता लई दिस झाले. येनार नाय का?"

मला हे ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. त्यांच्या मुलालासुद्धा नव्हतं. मी तिला काका गेल्याचं सांगितलं. ओट्यावर एक आई बाळाला घेऊन थांबली होती. तिच्याकडून तिनं बाळ घेतलं, झोळीत ठेवलं, झोळी हुकाला अडकवली आणि हात सोडला. काटा थरथरत वर गेला, खाली आला, आणि तो स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिलो.